विसरलेली हिट गाणी संकलनांतून कशी शोधावीत : अमेरिकी पॉप संगीत, १९५५ ते १९७५

१९६० साली अमेरिकेत सर्वांत गाजलेले गाणे कोणते, असे जुन्या इंग्रजी गाण्यांच्या शौकिनाला विचारले, तर तो बहुधा एल्व्हिस प्रेस्लीचे नाव घेईल. प्रत्यक्षात त्या वर्षी बिलबोर्ड साप्ताहिकाच्या क्रमवारीत सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिली ती पर्सी फेथच्या वाद्यवृंदाने वाजवलेली ‘अ समर प्लेस’ या चित्रपटाची धून, आणि तिच्यात गायक नाहीच. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लॉरेन्स वेल्कच्या वाद्यवृंदाची ‘कलकत्ता’ नावाची धून पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ती धून मुळात जर्मनीतली होती आणि कलकत्त्याशी तिचे नाते नावापुरतेच होते. या दोन्ही रचना त्या काळी घराघरांत वाजत होत्या, परंतु पुढे ‘ओल्डीज’ म्हणून जे काही रेडिओवरून ऐकवले गेले त्यात त्यांना क्वचितच जागा मिळाली.

विस्मृतीत गेलेले हिट गाणे आणि दुर्मिळ गाणे यांत फरक आहे, आणि तो सुरुवातीलाच ध्यानात घेतला पाहिजे. दुर्मिळ गाणे मुळातच थोड्यांनी ऐकलेले असते. विस्मृतीत गेलेले हिट गाणे मात्र लाखोंनी ऐकलेले असते आणि नंतर एखाद्या अगदी व्यावहारिक कारणाने बाजूला पडते. हक्क एखाद्या मालकाकडे अडकून राहतात, मूळ टेप हरवते, गाण्याची लांबी सोयीची नसते किंवा रेडिओ केंद्राच्या धोरणात ते बसत नाही. हे कारण एकदा कळले की ते गाणे कोणत्या प्रकारच्या संकलनात सापडेल आणि कोणत्या संकलनात त्याची नक्कल माथी मारली जाईल, याचा अंदाज बांधता येतो. या लेखातील सर्व पायऱ्या याच सूत्रावर रचलेल्या आहेत.

पहिली पायरी : आधी यादी, मग संकलन

बहुतेक जण समोर आलेले संकलन उचलतात आणि त्यातील अनोळखी गाणी ऐकू लागतात. या पद्धतीने संकलकाला जे सहज मिळाले तेवढेच आपल्याला मिळते. त्याऐवजी एक वर्ष निवडावे आणि त्या वर्षाची क्रमवारी समोर ठेवावी. बिलबोर्डची ‘हॉट हंड्रेड’ ही एकत्रित यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी दुकानांतील विक्री, रेडिओवरील वादन आणि ज्यूकबॉक्समधील वादन यांच्या वेगवेगळ्या याद्या प्रसिद्ध होत असत, त्यामुळे १९५५ ते १९५८ या काळातील एकाच गाण्याचे दोन-तीन वेगळे क्रमांक दिसले तर गोंधळून जाऊ नये. विस्कॉन्सिनच्या जोएल व्हिटबर्न यांनी १९७० पासून आपल्या ‘रेकॉर्ड रिसर्च’ या प्रकाशनामार्फत या याद्यांचे जे कोश काढले, ते आजही या कामाचा पाया आहेत. त्यांत प्रत्येक गाण्याचा सर्वोच्च क्रमांक, यादीत राहिलेले आठवडे, लेबल (म्हणजे तबकडी काढणाऱ्या कंपनीचे नाव) आणि तबकडीचा क्रमांक एकत्र मिळतो.

यादी हाती आल्यावर पहिल्या दहांतील गाण्यांवर फार वेळ घालवू नये, कारण त्यांतील बहुतेक गाणी तुम्हाला माहीत असतील. खरे घबाड अकराव्या ते चाळिसाव्या क्रमांकाच्या पट्ट्यात असते. त्या आठवड्यांत ही गाणी दर काही तासांनी रेडिओवर लागत होती, मात्र वर्षअखेरच्या याद्यांत त्यांना स्थान मिळाले नाही, आणि पुढच्या पिढीच्या कार्यक्रमांनी नेमक्या त्याच वर्षअखेरच्या याद्या वापरल्या. लेफ्ट बँक या न्यूयॉर्कच्या गटाचे ‘वॉक अवे रेने’ १९६६ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेले आणि ते आजही ऐकू येते. त्याच गटाचे ‘प्रिटी बॅलेरिना’ १९६७ मध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, पण ते शोधावे लागते. दोन्हींच्या दर्जात मला तरी उतार दिसत नाही.

राष्ट्रीय यादीच्या जोडीला स्थानिक याद्याही पाहाव्यात. शिकागोचे डब्ल्यूएलएस, लॉस एंजेलिसचे केएचजे यांसारखी केंद्रे आपापल्या शहराची साप्ताहिक क्रमवारी एका कागदावर छापून दुकानांतून फुकट वाटत असत. असे हजारो कागद आता ‘एअरहेड्स रेडिओ सर्व्हे अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर उतरवून ठेवलेले आहेत. एखादे गाणे देशभरात साठाव्या क्रमांकावर अडकलेले असताना एखाद्या शहरात पहिल्या पाचांत होते असे वारंवार आढळते, आणि त्या शहरातील श्रोत्यांच्या दृष्टीने ते हिटच होते.

दुसरी पायरी : गाणे का विसरले गेले, ते ठरवणे

यादीतील प्रत्येक गाण्यापुढे एक रकाना रिकामा ठेवून त्यात विस्मृतीचे संभाव्य कारण लिहावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी पुढचा सगळा शोध त्यावर अवलंबून असतो.

सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे हक्कांची मालकी, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे फिलाडेल्फियाचे कॅमिओ-पार्कवे हे लेबल. चबी चेकर, बॉबी रायडेल, ऑर्लन्स, डोव्हेल्स, डी डी शार्प असे कलाकार या लेबलाकडे होते. डोव्हेल्सचे ‘ब्रिस्टल स्टॉम्प’ १९६१ मध्ये, तर ऑर्लन्सचे ‘द वाह-वातुसी’ आणि डी डी शार्पचे ‘मॅश्ड पोटॅटो टाइम’ १९६२ मध्ये, अशी तीन गाणी एकट्या या घराण्यातून दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. १९६७ मध्ये हे लेबल अ‍ॅलन क्लाइन यांच्या ताब्यात गेले. पुढे त्यांच्या एबीकेको कंपनीने ही मूळ ध्वनिमुद्रणे सीडीवर आणलीच नाहीत, आणि चार सीडींचा अधिकृत संच अखेर २००५ मध्ये निघाला. सीडीचा संपूर्ण बहराचा काळ असा कोरडा गेल्यामुळे त्या दरम्यानच्या स्वस्त संकलनांत या कलाकारांची जी गाणी दिसतात, ती बहुधा नंतर पुन्हा गाऊन घेतलेली असतात. ज्यांना ‘भूत बंगला’ या १९६५ च्या चित्रपटातील ‘आओ ट्विस्ट करें’ आठवते, त्यांनी चबी चेकरचे ‘लेट्स ट्विस्ट अगेन’ मूळ स्वरूपात जरूर ऐकावे. चालीवरची छाप लपत नाही, आणि खोट्या आवृत्तीत मूळ वादनाचा तो सैल, नाचरा ठेका हरवलेला असतो.

दुसरे कारण पुनर्मुद्रणाचे, म्हणजे तेच गाणे पुन्हा गाऊन घेण्याचे. त्या काळच्या करारांत कलाकाराने लेबल सोडल्यावर काही वर्षे तेच गाणे दुसऱ्याकडे गाऊ नये असे कलम असे. ती मुदत संपली की नवे लेबल त्याच्याकडून जुनी हिट गाणी पुन्हा गाऊन घेई, कारण तसे केल्याने जुन्या लेबलाला परवान्याचे पैसे द्यावे लागत नसत. एव्हर्ली ब्रदर्सनी केडन्स लेबलवरची आपली गाणी १९६४ मध्ये वॉर्नरसाठी पुन्हा गायली, चक बेरीने आपली चेसची गाणी १९६७ मध्ये मर्क्युरीसाठी, आणि रॉय ऑर्बिसनने तर १९८७ मध्ये अख्खा अल्बम असा केला. ऑर्बिसनच्या आवाजाला वयाने फारसा धक्का लावलेला नव्हता, त्यामुळे तो अल्बम ऐकण्याजोगा आहे. पण १९६१ मध्ये लोकांनी रेडिओवर जे ऐकले ते हे नव्हे.

तिसरे कारण टेपचे. लहान लेबले बुडाली, त्यांची कार्यालये रिकामी झाली आणि मूळ टेपा कोणाच्या तरी तळघरात किंवा कचऱ्यात गेल्या. मोठ्या कंपन्यांकडेही सारे सुरक्षित होते असे नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत ध्वनिमुद्रणांचे मोठे भांडार सापडले, ही गोष्ट न्यूयॉर्क टाइम्स मासिकाच्या २०१९ मधील वृत्तांतानंतर सर्वदूर कळली. नेमके किती नष्ट झाले यावर वाद राहिला. टेप उपलब्ध नसेल तर गाणे चांगल्या अवस्थेतील तबकडीवरून उतरवून घ्यावे लागते, आणि जबाबदार संकलक तसे पुस्तिकेत नमूद करतो.

बाकी कारणे थोडक्यात सांगता येतील. वाद्यसंगीत, विनोदी गाणी आणि परभाषेतील गाणी ओल्डीज केंद्रांच्या काही शेकड्यांच्या ठरीव यादीत बसत नसत. क्यू साकामोतोचे जपानी भाषेतील ‘सुकियाकी’ १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ज्या गटाचे एकच गाणे चालले त्याचा ‘सर्वोत्कृष्ट गाणी’ असा स्वतंत्र अल्बम निघत नाही, आणि म्हणून अनेक कलाकारांचे एकत्रित संकलन हेच त्या गाण्याचे एकमेव घर असते.

तिसरी पायरी : संकलनाचे घराणे ओळखणे

१९७० च्या दशकात टीव्हीवर जाहिरात करून विकली जाणारी संकलने ही सर्वांत परिचित जात. कॅनडातील विनिपेगचे फिलिप काइव्ह्ज यांची के-टेल ही कंपनी त्यांत अग्रेसर होती. एका एल.पी.वर वीस किंवा त्याहून अधिक गाणी हे तिचे आकर्षण होते, आणि तीच तिची मर्यादाही. एल.पी.च्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत बसवायचे झाले तर खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. त्यावर उपाय म्हणून गाणीच कापली जात. एखादे कडवे गायब, शेवट घाईने मिटवलेला, असे प्रकार या रेकॉर्डवर सर्रास सापडतात. तरीही त्यांचे एक मोल आहे. त्या त्या वर्षी ताजी असलेली गाणी त्यांत घाऊक भरलेली असल्याने, काय शोधावे हे कळण्यासाठी त्यांच्या सूच्या उत्तम आहेत. ऐकण्यासाठी मात्र पुढे जावे.

दुसरे घराणे एखाद्या जाणकाराच्या आवडीतून निघालेल्या संकलनांचे. त्यांचा आदिपुरुष म्हणजे १९७२ चा ‘नगेट्स’ हा इलेक्ट्रा कंपनीचा दोन रेकॉर्डचा संच. तेव्हा संगीतावर लिहिणाऱ्या आणि रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या लेनी के यांनी कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांच्या सांगण्यावरून त्यातील २७ गाणी निवडली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांतील बहुतेक गाणी त्या वेळी जेमतेम पाच-सात वर्षांची होती. स्टँडेल्सचे ‘डर्टी वॉटर’ १९६६ मध्ये अकराव्या क्रमांकावर होते, कॅस्टअवेजचे ‘लायर, लायर’ १९६५ मध्ये बाराव्या. आणि एवढ्या अवधीत ती बाजूला पडली होती. निरनिराळ्या लेबलांवर विखुरलेली गाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांच्यातील समान धागा दिसला, आणि गॅरेज रॉक नावाच्या, तरुण हौशी गटांच्या रांगड्या संगीताच्या प्रवाहाला पुढे जी प्रतिष्ठा मिळाली तिच्या मुळाशी हा संच होता. ऱ्हायनो कंपनीने १९९८ मध्ये तो चार सीडींवर ११८ गाण्यांपर्यंत वाढवला. नवशिक्याने सुरुवात येथून करावी, असे माझे मत आहे, कारण या संचात निवडीमागचा विचार कानांना कळतो.

ऱ्हायनो कंपनीचे मूळ लॉस एंजेलिसमधील १९७३ च्या एका रेकॉर्डच्या दुकानात आहे, आणि १९७८ मध्ये तिचे लेबल झाले. १९९० पासून तिने काढलेली ‘हॅव अ नाइस डे’ ही सत्तरीच्या दशकातील गाण्यांची २५ भागांची मालिका समीक्षकांनी हिणवलेल्या हलक्याफुलक्या गाण्यांना आदराने वागवते. इंग्लंडच्या एस रेकॉर्ड्सची ‘द गोल्डन एज ऑफ अमेरिकन रॉक अँड रोल’ ही मालिका १९५४ ते १९६३ या काळाला वाहिलेली आहे. मूळ टेपचा पाठपुरावा आणि प्रत्येक गाण्यावरील टिपण या दोन बाबतींत तिच्या तोडीचे काम मला आढळलेले नाही. अमेरिकेतील एरिक रेकॉर्ड्सच्या ‘हार्ड टू फाइंड फॉर्टीफाइव्ह्ज ऑन सीडी’ (सहज न मिळणाऱ्या छोट्या तबकड्या सीडीवर) या मालिकेचा हेतू नावातच आहे. टाइम-लाइफच्या टपालाने विकल्या जाणाऱ्या मालिका, विशेषतः पुढे ‘एएम गोल्ड’ या नावाने आलेली, वर्षवार रचनेमुळे सोयीच्या आहेत; पण त्यांचा भर ओळखीच्या गाण्यांवर अधिक.

तिसरे घराणे युरोपातील स्वस्त संचांचे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली जी मुद्रणे तोवर मुक्त झाली होती ती मुक्तच राहिली. एका विशिष्ट वर्षाच्या हॉट हंड्रेडमधील शंभराहून अधिक गाणी अत्यल्प किमतीत देणारे संच १९६२ पाशी येऊन का थांबतात, याचे उत्तर या तरतुदीत आहे. त्यांना मूळ मालकाची परवानगी लागत नाही, तशी मूळ टेपही मिळत नाही. अनोळखी गाण्यांची चाचणी घेण्यासाठी ते वापरावेत आणि आवडलेले गाणे नंतर चांगल्या संकलनातून मिळवावे.

चौथी पायरी : मागचे कव्हर वाचणे

खरेदीपूर्वी मागच्या बाजूवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी. ‘मूळ कलाकार’ हे शब्द भुलवणारे आहेत, कारण मूळ कलाकाराने तीस वर्षांनी पुन्हा गायलेले गाणेही त्या वर्णनात बसते. ‘मूळ ध्वनिमुद्रण’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘मूळ गटातील एक किंवा अधिक सदस्य’ किंवा ‘नवे स्टिरिओ ध्वनिमुद्रण’ असे शब्द दिसले की संकलन खाली ठेवावे. प्रत्येक गाण्याखाली ‘अमुक कंपनीच्या परवान्याने’ अशी ओळ असेल तर तो शुभसंकेत समजावा. एकाच अनोळखी कंपनीच्या नावे सगळी गाणी असतील आणि त्यांत पाच-सहा प्रतिस्पर्धी लेबलांचे कलाकार एकत्र आलेले असतील, तर ती बहुधा पुन्हा गाऊन घेतलेली आहेत.

साठच्या दशकातील एल.पी.वर ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओत रूपांतरित’ अशा अर्थाची ओळ किंवा कॅपिटल कंपनीचा ‘ड्युओफोनिक’ हा शब्द असेल, तर तो मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, मुद्रणाला दिलेला खोटा स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचा आभास आहे. एका कानात खर्ज, दुसऱ्या कानात तार आणि वर घुमारा, असा तो प्रकार असतो. एका पिढीने ही गाणी अशा पोकळ आवाजात ऐकली आणि त्यांना उगाच बेसूर ठरवले.

पाचवी पायरी : आपण ऐकतो ते खरेच ते गाणे आहे का

अमेरिकेत साठच्या दशकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत पंचेचाळीस आरपीएमच्या छोट्या तबकड्या मोनो असत, आणि एएम रेडिओही मोनोच होता. हिट झाले ते मोनो मिश्रण. स्टिरिओ मिश्रण अनेकदा एल.पी.साठी वेगळे, कधी घाईने, केले जाई आणि त्यात गाण्याचा शेवट लांबलेला, तंतुवाद्ये मागे गेलेली किंवा गायनाचा वेगळा मुद्रित केलेला एखादा थरच वगळलेला आढळते. चांगल्या संकलनात सूचीपुढे मोनो की स्टिरिओ हे लिहिलेले असते. मोनोला प्राधान्य द्यावे. स्टिरिओ ऐकायला सुखद असला तरी त्या काळचा अनुभव मोनोत आहे.

लांबीची तपासणी हे सर्वांत सोपे साधन आहे. आयर्न बटरफ्लाय या गटाचे ‘इन-अ-गड्डा-दा-विदा’ एल.पी.वर सतरा मिनिटांचे, तर १९६८ मध्ये तिसाव्या क्रमांकावर गेलेले सिंगल, म्हणजे छोट्या तबकडीवरील आवृत्ती, तीन मिनिटांच्या आत संपते. डोर्सच्या ‘लाइट माय फायर’चीही हीच कथा आहे. म्हणून डिस्कॉग्ज किंवा फॉर्टीफाइव्हकॅट या संकेतस्थळांवर मूळ छोट्या तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र शोधावे आणि त्यावर छापलेला कालावधी संकलनातील गाण्याशी ताडून पाहावा. पाच-सहा सेकंदांचा फरक दुर्लक्षित करावा, कारण टेप आणि तबकडी यांच्या वेगात तेवढा फरक पडतो. वीस सेकंदांचा फरक मात्र वेगळी आवृत्ती सुचवतो.

छापील कालावधीवरही आंधळा विश्वास ठेवू नये. रेडिओ केंद्रे लांब गाणी टाळत, म्हणून निर्माते फिल स्पेक्टर यांनी १९६४ मध्ये रायचस ब्रदर्सच्या ‘यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग’ या पावणेचार मिनिटांच्या गाण्यावर ३:०५ असा आकडा छापला होता. निवेदकांना बातम्यांची वेळ चुकल्यावर काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

लांबी जुळूनही शंका राहिली, तर ढोल ऐकावेत. नंतरच्या पुनर्मुद्रणात ढोल स्वच्छ, सुटे आणि पुढे आलेले असतात. १९६२ च्या मुद्रणात सारा वाद्यमेळ एका खोलीत वाजल्यासारखा एकजीव ऐकू येतो. काही गाणी ऐकल्यावर हा फरक पहिल्या चार मात्रांत ओळखता येऊ लागतो.

सहावी पायरी : ऑनलाइन सेवा आणि भारतातील खरेदी

स्ट्रीमिंग सेवांवर गाण्यापुढे दिसणारे वर्ष बहुतेक वेळा संकलनाच्या प्रकाशनाचे असते, गाण्याचे नव्हे. १९६३ चे गाणे २०११ चे म्हणून दिसते आणि वर्षानुसार शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून शोध नेहमी कलाकार आणि मूळ लेबल यांच्या नावाने करावा आणि माहितीच्या पानावरील वर्तुळातील ‘पी’ या चिन्हापुढचा मालक वाचावा. तेथे मूळ लेबलाची वारसदार कंपनी दिसली तर विश्वास ठेवण्यास जागा आहे. ‘पुनर्मुद्रित’ हा शब्द गाण्याच्या नावापुढे कंसात असतो, कधी नसतोही.

प्रत्यक्ष सीडी किंवा रेकॉर्ड हवी असेल तर काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाल्यापासून मुंबईत नवा माल मिळण्याची वाट अरुंद झाली आहे. जुन्या बाजारात आणि संग्राहकांकडे दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एचएमव्हीच्या एल.पी. मिळतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या रेकॉर्डवर बुरशी असण्याचा संभव मोठा असल्यामुळे ती तिरप्या उजेडात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून वस्तूच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकते, म्हणून एकेक सीडी न मागवता एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा एकत्र घ्याव्यात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे नातेवाईक सुट्टीत येणार असतील तर त्यांच्या सामानात सीडीला फारशी जागा लागत नाही. प्लास्टिकचे खोके काढून केवळ चकती आणि पुस्तिका आणण्यास सांगावे.

मिळवलेले प्रत्येक गाणे संगणकावर उतरवताना फाइलच्या माहितीत मूळ वर्ष, मूळ लेबल, तबकडीचा क्रमांक, सर्वोच्च स्थान, मोनो की स्टिरिओ, कालावधी आणि ते ज्या संकलनातून घेतले त्याचे नाव भरावे. यादीतील जी गाणी शेवटपर्यंत हाती लागत नाहीत ती बहुधा कोणत्याच संकलनात आलेली नसतात. त्यांच्यासाठी थेट मूळ छोटी तबकडीच मागवावी. पहिल्या चाळिसांतील गाण्याच्या प्रती मुबलक निघालेल्या असल्याने ती अनेकदा संकलनाच्या सीडीपेक्षाही स्वस्त मिळते.